तुळशीच्या कुंडीत उगवलेलं हेदर

मुलुंड पूर्वेतली सोसायटी, सातवा मजला, पश्चिमेला तोंड करून असलेली बाल्कनी. तक्रार अशी की, दिवाळीच्या सुमारास आणलेली ‘हेदर’ नावाच्या फुलझुडपाची बारा रोपं फेब्रुवारी उजाडेपर्यंत पिवळी पडली, खालून झडून काटकुळी झाली आणि फुलं जवळजवळ थांबली. रोपांची मालकीण निवृत्त शिक्षिका. त्यांना काकूच म्हणू. हाताला गुण असलेली बाई. बाल्कनीतला कढीपत्ता, गवती चहा, जास्वंद, तुळस सगळं ठणठणीत; मोगऱ्याची नवी पानं तेवढी जरा पिवळट. त्यामुळे हे दुर्लक्षाचं प्रकरण नव्हतं. उलट, घरात सर्वांत जास्त लाड या बारा कुंड्यांचेच चालले होते आणि खरी गोम तिथेच होती.

काकूंची मुलगी स्कॉटलंडमध्ये, एडिंबराला असते. ऑगस्टमध्ये तिच्याकडे गेल्या असताना तिने त्यांना शहराला लागून असलेल्या पेंटलंड टेकड्यांवर नेलं. ऑगस्ट-सप्टेंबर हा तिथल्या हेदरचा बहर. डोंगरउतार जांभळे झालेले असतात. परत आल्यावर नाक्यावरच्या एका नर्सरीत जांभळ्या बारीक फुलांची, सदाहरित, बुटकी झुडपं दिसली आणि वर चिठ्ठी होती ‘हेदर’. काकूंनी एकदम डझनभर उचलली. मुलीने तिकडून हेदरच्या निगेची माहिती पाठवली आणि काकूंनी ती शाळेच्या वेळापत्रकासारखी पाळली.

काय काय केलं ते त्यांनी वहीत तारखांसकट लिहून ठेवलं होतं. (अशी वही ठेवणारी माणसं भेटली की माझं अर्धं काम झालेलं असतं.) हेदरला आम्लधर्मी माती लागते, म्हणून नर्सरीची लाल माती झटकून रोपं निव्वळ कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात लावली. आम्लता टिकावी म्हणून दर आठवड्याला बादलीभर पाण्यात दोन मोठे चमचे व्हिनेगर. हेदर निकस जमिनीतलं झाड, खत दिलं तर बिघडतं, म्हणून खत अजिबात नाही. थंड हवेचं झाड, म्हणून ऊन लागू नये यासाठी कुंड्या हॉलच्या आतल्या खिडकीत. जुन्या लाकडापर्यंत छाटलं तर पुन्हा फुटत नाही, म्हणून कात्रीने फक्त सुकलेली टोकं काढायची.

“अगं, सगळं लिहिल्याप्रमाणे केलं, एकही गोष्ट सोडली नाही,” काकू म्हणाल्या. ते खरंच होतं. ज्या झाडासाठी हे लिहिलं होतं ते झाड मात्र त्या बारा कुंड्यांपैकी एकीतही नव्हतं.

भिंग घेऊन एक फूल पाहिलं. सुटी सुटी सहा पाकळ्या, एका बारीक नळीच्या तोंडाशी उघडलेल्या. पानं चपटी, अरुंद, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर लांब, समोरासमोर जोडीने आलेली. कोवळ्या फांदीवर बारीक लव. हे कुफिया. शास्त्रीय नाव कुफिया हिसॉपिफोलिया, मूळ गाव मेक्सिको, ग्वाटेमाला, होंडुरास. बाजारात ते मेक्सिकन हेदर किंवा फॉल्स हेदर म्हणून विकलं जातं आणि चिठ्ठीवर लिहिताना पहिला शब्द गळतो. स्कॉटलंडच्या डोंगरावरचं खरं हेदर म्हणजे कॅल्युना व्हल्गॅरिस. त्याची पानं दोन-तीन मिलिमीटरची, खवल्यांसारखी, फांदीला चार ओळींत चिकटलेली. फूल चारच्या हिशेबात आणि त्यातला जो रंग आपल्याला दिसतो तो पाकळ्यांपेक्षा लांब असलेल्या रंगीत निदलांचा, म्हणजे पाकळ्यांच्या बाहेरच्या वेढ्याचा. त्याचीच भावंडं एरिका या प्रजातीत. तिच्या आठशेहून जास्त जाती आहेत आणि बहुतेक दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातल्या. दोघांचं कुळ ऱ्होडोडेंड्रॉनचं. कुफियाचं कुळ अगदी वेगळं: मेंदी, डाळिंब, धायटी आणि आपलं राज्यपुष्प तामण, यांचं. काकूंनी मेंदीच्या नात्यातल्या झुडपाला स्कॉटिश पथ्यावर ठेवलं होतं.

ओळख पटली तरी रोगाचं कारण आपोआप ठरत नाही. कुफिया तसं चिवट. थोड्याफार चुकीच्या वागणुकीने ते इतकं खंगत नाही. म्हणून बाल्कनीतला बाकी संसार बघायला गेले आणि तुळशीच्या कुंडीत एक गोष्ट सापडली. तुळशीच्या बुडाशी, कडेला, वीतभर उंचीचं एक हिरवंगार रोप, टोकापासून खालपर्यंत पानांनी भरलेलं, जांभळ्या फुलांनी लगडलेलं. काकूंना ते गवत वाटलं होतं. “तुळशीतलं काही उपटायचं नाही म्हणून ठेवलं,” त्या म्हणाल्या.

ते कुफियाच होतं, बी पडून उगवलेलं. कुफियाची एक गंमत आहे. बी पिकलं की फुलाची नळी एका बाजूने फाटते आणि बी धरलेला देठासारखा भाग बाहेर वाकतो. बिया उघड्यावर येऊन खाली पडतात. आणल्यावर सुरुवातीला कुंड्या बाल्कनीत तुळशीशेजारी होत्या, तेव्हाच हे झालं असणार. कुफिया असं आपलं आपण इतकं पसरतं की हवाईमध्ये त्याची गणना उपद्रवी झाडांत होते.

म्हणजे तुलनेसाठी एक निरोगी रोप घरातच तयार होतं. तीच जात, तीच बाल्कनी, तीच हवा. फरक काय? तुळस भर उन्हात. कुंडीत लाल माती आणि दर पावसाळ्याआधी मूठभर शेणखत. आणि पाणी? इथे काकू थांबल्या. तुळशीला पाणी सकाळी पूजेच्या तांब्यातलं, म्हणजे स्वयंपाकघरातल्या नळाचं. बाकी कुंड्यांना बाल्कनीच्या नळाचं. हा नळ घराचं काम काढलं तेव्हा प्लंबरने फ्लशच्या लाइनला जोडला होता आणि त्या सोसायटीत फ्लशला येतं बोअरचं पाणी.

खिशातलं टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, दोन्ही पाण्यांत बुडवलं. स्वयंपाकघरातलं पाणी शंभराच्या आत, बाल्कनीतलं सातशेच्या वर. मुंबई महापालिकेचं पाणी तानसा, मोडकसागर, भातसा, वैतरणा, विहार, तुळशी या तलावांचं, म्हणजे मुळात पावसाचं. ते मऊ असतं. बोअरचं पाणी बेसॉल्टच्या भेगांतून झिरपत येतं आणि येताना कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट घेऊन येतं. कुंड्यांच्या काठावरची पांढरी खरपुडी त्याचीच. जुन्या कुंड्या त्याच पाण्यावर कशा तगल्या, हा काकूंचा प्रश्न रास्त होता. त्यांत माती आहे, खत आहे आणि दर वर्षी पश्चिमेचा पाऊस ग्रिलमधून आत येऊन चार महिने क्षार धुऊन नेतो. मोगरा तरी कुरकुरत होताच. हॉलच्या खिडकीतल्या बारा कुंड्यांना मातीचा आधार नव्हता आणि पाऊस कधी लागलाच नव्हता.

आता पानं काय सांगत होती ते बघू. या प्रकरणातला सर्वांत उपयोगी भाग तोच. फांदीच्या टोकाची नवी पानं पिवळी, पण भिंगातून मधली शीर हिरवी दिसत होती. ही लोहाची कमतरता. लोह झाडात एकदा बसलं की तिथून हलत नाही, त्यामुळे टंचाई नेहमी नव्या पालवीवर दिसते. कोकोपीटमध्ये लोह फारसं नसतं आणि असेल तेही क्षारयुक्त पाण्याने सामू (पीएच) वर गेला, म्हणजे आम्लता घटली, की मुळांना घेता येत नाही. खालची जुनी पानं मात्र सबंध फिकी होऊन गळत होती. ती नत्राची कमतरता. नत्र हलतं, झाड उपाशी राहिलं की जुन्या पानांतलं काढून टोकाला पाठवतं. काही पानांच्या कडा करपलेल्या, त्या क्षारांनी. एकाच फांदीवर वर एक दुखणं, खाली दुसरं आणि कडेला तिसरं. ‘पानं पिवळी पडली’ एवढ्या एका वाक्यावर औषध सांगणाऱ्यांचं मला म्हणूनच नवल वाटतं.

व्हिनेगरचं काय? ते घातल्या दिवशी पाण्यातलं बायकार्बोनेट थोडंफार मरतं, हे खरं. पण व्हिनेगरचं आम्ल सेंद्रिय; कुंडीतले जिवाणू ते खाऊन संपवतात आणि सामू पुन्हा चढतो. म्हणजे आठवड्यातून एकदा मुळांना आंबट झटका, बाकी सहा दिवस खारं पाणी. उपयोग शून्य.

खत न देण्याचा नियम खऱ्या हेदरसाठी चुकीचा नाही. त्याची मुळं केसासारखी बारीक आणि त्यांच्या पेशींत राहणारी एक खास बुरशी कुजलेल्या पालापाचोळ्यातून नत्र काढून झाडाला देते. त्या जोडीमुळेच ते निकस, आंबट, दलदलीच्या जमिनीवर मैलोन्‌मैल पसरतं. आपल्याकडे कासच्या पठारावर सीतेची आसवं हेच दुसऱ्या युक्तीने करतात: जांभ्या दगडावरच्या मूठभर निकस मातीत अन्न कमी, म्हणून पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून खातात. कुफियाकडे यातली कुठलीच सोय नाही. ते बारमाही फुलतं आणि बारमाही फुलणाऱ्याला बारमाही खायला लागतं. कोकोपीट म्हणजे पाणी धरणारा स्पंज. त्यात पोटाला असं काही नसतं.

सावलीचंही तेच. खरं हेदर थंड हवेचं आहे, पण सावलीचं नाही. उघड्या माळावर ते दिवसभर ऊन खातं. म्हणजे हॉलच्या खिडकीत ठेवणं हे स्कॉटिश पथ्यातही बसत नव्हतं. कुफिया सावलीत जगतं, पण उजेडाच्या शोधात लांबतं आणि फुलं कमी देतं.

उपचार फेब्रुवारीच्या शेवटी सुरू केले. मुंबईत छाटणी आणि कुंडीबदलासाठी हा काळ बरा. थंडी सरलेली, उन्हाळ्याचा कडाका यायचा. सर्वांत आधी पाणी बदललं. बाल्कनीच्या नळाला काकूंनी चक्क सुतळी बांधली, म्हणजे सवयीने हात जायला नको, आणि स्वयंपाकघरातून बादली भरून आणायची ठरली. कुंड्यांतून नळाचं मऊ पाणी भरपूर सोडलं, दोन-तीनदा, खालून निथळून जाईपर्यंत. खालून निघालेलं पहिलं पाणी मीटरवर बोअरच्या पाण्याच्या दुपटीहून जास्त भरलं. एवढे क्षार कोकोपीटने धरून ठेवले होते. (आरओ फिल्टर असणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: त्याच्या नळीतून वाया जाणारं पाणी वाचवून झाडांना घालायचा मोह होतो, पण त्यात नळाच्या पाण्यातले क्षार दाट होऊन आलेले असतात. त्याने फरशी पुसावी.)

मग माती. लाल माती दोन भाग, कोकोपीट एक भाग, मुरलेलं शेणखत एक भाग, वर मूठभर निंबोळी पेंड. मुंबईच्या पावसात निव्वळ लाल माती घट्ट बसते, म्हणून कोकोपीट ठेवायचं, पण वाट्याला. आणलेली माती नऊ कुंड्यांनाच पुरली. उरलेल्या तीन तशाच कोकोपीटमध्ये राहिल्या. त्यांना फक्त पाणी बदललं आणि पातळ खत सुरू केलं. याचा पुढे उपयोग झाला. सगळ्यांना चिलेटेड लोहाची (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातल्या लोहाची) फवारणी संध्याकाळी दोनदा, पंधरा दिवसांच्या अंतराने. लोह मुळाशी घालण्यापेक्षा पानांवर लवकर लागू पडतं, पण ते तात्पुरतं. पाणी सुधारलं नसतं तर फवारत बसावं लागलं असतं.

छाटणीला काकू तयार होईनात. वहीत लाल शाईने ‘जुने लाकूड कापू नये’ असं लिहिलेलं. मी एका फांदीची साल नखाने अगदी खाली खरवडून दाखवली. आत हिरवी होती. कुफिया अशा हिरव्या जागेतून सहज फुटतं. पण खंगलेल्या झाडाची सगळी पानं एकदम काढायची नाहीत, म्हणून पहिल्यांदा उंची निम्मी केली, पुढची छाटणी पावसाच्या तोंडावर ठेवली. कापलेली टोकं कुणी फेकत नाही. बोटभर लांबीचे तुकडे, खालची पानं काढून, ओल्या कोकोपीटमध्ये, सावलीत. कुफियाची कलमं धरायला कौशल्य लागत नाही.

ऊन हळूहळू दिलं. हॉलमधून थेट पश्चिमेच्या दुपारच्या उन्हात आणलं असतं तर उरलेली पानंही भाजली असती. आधी आठवडाभर कपडे वाळत घालायच्या दोरीमागे, मग कठड्याच्या सावलीत, मग उघड्यावर.

निकाल असा. मार्चअखेर नऊ कुंड्यांत बुडापासून फूट दिसू लागली आणि नवी पालवी हिरवी आली. कोकोपीटमधल्या तीनही हिरव्या झाल्या, थोड्या उशिराने. त्यावरून माझा निष्कर्ष असा की, या रोपांना आजारी पाडलं ते पाण्याने आणि उपासाने. कोकोपीट हा दुय्यम आरोपी. मात्र एप्रिल-मेमध्ये त्या तीन कुंड्या दुपारपर्यंत कोरड्या पडत, दिवसातून दोनदा पाणी मागत, आणि एकदा पूर्ण सुकलेलं कोकोपीट पाणी लवकर शोषतही नाही. बारा कुंड्यांची बडदास्त ठेवणाऱ्या काकूंनाही ते जमेना. शेवटी त्याही मातीत गेल्या.

दोन कुंड्या गेल्या. त्या एसीच्या आउटडोअर युनिटसमोर ठेवल्या होत्या. रात्रभर गरम कोरडा झोत, त्यात लाल कोळी ही पानांचा रस शोषणारी बारीक कीड लागली: पानांवर बारीक फिके ठिपके, मागच्या बाजूला जाळं. उरलेल्यांवर रोज सकाळी पानांच्या मागून पाण्याचा फवारा आणि दोनदा कडुनिंबाचं तेल एवढ्यावर भागलं. कोळ्याला दमट हवा मानवत नाही. मुंबईत त्याचा त्रास बहुधा अशा कोरड्या कोपऱ्यातच होतो.

पावसाळ्यात करायचं होतं ते फक्त पाणी साचू न देणं. कुंड्यांखालच्या ताटल्या जूनच्या आधीच काढल्या. साचलेल्या पाण्यात मुळं कुजतात हे एक, आणि ताटलीत डासांच्या अळ्या सापडल्या तर महापालिकेचा माणूस नोटीस देऊन जातो हे दुसरं. दहा कुंड्या ग्रिलच्या बाहेरच्या कडेला पावसात ठेवायचं काकूंच्या मनात होतं; ओल्या लाल मातीचं वजन सांगितल्यावर त्या आतच राहिल्या. पावसाचं पाणी तिथेही पुरेसं येतं. सप्टेंबरात झुडपं गुडघ्याच्या खाली, गोल, दाट, फुलांनी भरलेली होती.

खरं हेदर मुंबईत लावता येईल का, हे काकूंनी शेवटी विचारलंच. नाही. एडिंबराच्या जुलैतली दुपार आणि मुंबईच्या जानेवारीतली रात्र यांच्या तापमानात फार फरक नाही. म्हणजे आपली सर्वांत थंड वेळ ही त्या झाडाच्या उन्हाळ्याच्या जवळपास. त्याला लागणारा गारठा इथे मिळतच नाही आणि जुलैच्या दमट उकाड्यात त्याच्या बारीक मुळांना मूळकूज गाठते. महाबळेश्वरला थंडी थोडी जास्त, पण पावसाळ्यात तिथे काय कोसळतं ते सांगायला नको. एसीच्या खोलीत दिव्याखाली ठेवून काही महिने जगवता येईल. त्याला बागकाम म्हणायचं की अतिदक्षता विभाग, ते ज्याचं त्याने ठरवावं.

“मग लेक येताना एक रोप बॅगेत घालून आणेल, बघू तरी,” हा पुढचा प्रस्ताव. तोही बाद. परदेशातून रोप किंवा बी आणायला २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाप्रमाणे आयात परवाना आणि तिकडचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. तो नियम कागदी नाही. मुळांना चिकटलेल्या चिमूटभर मातीतून बुरशी किंवा सूत्रकृमी (मुळांना लागणारा सूक्ष्म जंत) आला तर नुकसान बाल्कनीपुरतं राहत नाही.

काकूंनी वहीतलं ‘हेदर’ खोडून ‘कुफिया’ लिहिलं आणि खाली नवं वेळापत्रक मांडलं: दर महिन्याला मूठभर गांडूळखत, फेब्रुवारीअखेर आणि जूनच्या सुरुवातीला छाटणी, पाणी मातीचा वरचा थर सुकल्यावर. कलमांपैकी बरीचशी सोसायटीत वाटली गेली. तिसऱ्या मजल्यावर दोन गेली, तिथल्या बाल्कनीचा नळही त्याच प्लंबरने त्याच लाइनला जोडलेला निघाला, तेव्हा रोपांबरोबर पाणी कुठल्या नळाचं घालायचं तेही त्यांना सांगून टाकलं.